सूर्य हा तारा आहे, हे माणसाला कधी आणि कसे कळले?

खानापूर तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी नववीत शिकते. "पूर्वी लोक सूर्याला देव मानत, नंतर शास्त्रज्ञांनी तो तारा असल्याचे शोधून काढले" असे वाक्य तिच्या वाचनात आले आणि हा शोध कोणी व कोणत्या साली लावला, असे तिने वडिलांना विचारले. वडिलांना ना नाव सापडले, ना साल. मी बेळगावात तेहतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आणि त्याहून अधिक काळ शाळाशाळांतून मुलांना दुर्बिणीने पडद्यावर सूर्य दाखवत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

साल सापडत नाही, यात त्या गृहस्थांचा दोष नाही. चंद्राकडे आपण तासन्‌तास पाहू शकतो, गुरू-शनीकडे रात्रभर पाहू शकतो. सूर्याकडे मात्र पाहताच येत नाही. आकाशातील सर्वांत ठळक वस्तू हीच सर्वांत न पाहता येणारी वस्तू आहे. त्यामुळे सूर्याविषयी माणसाला जे जे कळले, ते जवळजवळ सगळे सूर्याकडे पाठ करून कळले: जमिनीवरची सावली मोजून, भिंतीवरचा कवडसा न्याहाळून, चंद्राने त्याला झाकले त्या दोन-चार मिनिटांत, किंवा त्याचा प्रकाश काचेच्या त्रिकोणी लोलकातून रंगांत पसरवून. अशा आडवाटेने मिळालेले ज्ञान एका दिवसात मिळत नाही आणि ते एका माणसाच्या नावावरही चढवता येत नाही.

मुलीने वाचलेल्या वाक्यात आणखी एक खोट आहे. देव मानणारे लोक वेगळे आणि मोजणारे लोक वेगळे, असे ते वाक्य सुचवते. आपल्या भागातून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला न गेलेले घर विरळाच असेल. तेथील किरणोत्सव नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला होतो. मावळत्या सूर्याचे किरण पश्चिमेच्या दारातून गाभाऱ्यात शिरून पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात, अशी त्याची ख्याती आहे. आता या तारखांच्या मध्यावर कोणता दिवस येतो ते मोजून पाहावे. १० नोव्हेंबरपासून पुढे एक्केचाळीस दिवसांनी आणि १ फेब्रुवारीपासून मागे बेचाळीस दिवसांनी २१-२२ डिसेंबर येतो, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवस. दक्षिणेकडे जाताना आणि तेथून परतताना सूर्य एकाच जागी मावळतो, पश्चिमबिंदूपासून सुमारे १७-१८ अंश दक्षिणेला, आणि मंदिराची रचना त्या जागेशी जुळलेली आहे. ही जुळणी साधण्यासाठी अनेक वर्षांचे सूर्यास्त कोणीतरी नोंदवले असणार. त्या माणसाने सूर्याला हात जोडले नसतील, असे मला वाटत नाही.

सावलीचे काम तर कोणालाही अंगणात करता येते. बेळगावचे अक्षांश सुमारे १५.८५ उत्तर असल्यामुळे मे महिन्याच्या ३-४ तारखेला आणि पुन्हा ऑगस्टच्या ८-९ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टमध्ये आपल्याकडे ढगांमुळे सावलीही नसते आणि सूर्यही नसतो. म्हणून मे महिन्याचाच दिवस धरावा. मी प्रथम हा प्रयोग बेळगाव आणि निपाणी अशा दोन ठिकाणी करवून घेतला आणि तो फसला. निपाणी उत्तरेला जेमतेम अर्धा अंश आहे. एक मीटर काठीची सावली तेथे एक सेंटिमीटरही भरत नाही, आणि सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती असल्यामुळे सावलीची कड तेवढीच पुसट असते. मोजायची गोष्ट आणि मोजण्यातील चूक सारखीच निघाली. पुढच्या वर्षी नाशिकच्या एका नातेवाइकांना मदतीला घेतले. तेथे त्याच दुपारी एक मीटर काठीची सावली सुमारे सव्वासात सेंटिमीटर येते, म्हणजे चार अंशांहून थोडा अधिक कोन. दोन्ही गावांतील दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४६० किलोमीटर धरले की पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केले होते. या गणितात एक गृहीत दडलेले आहे: सूर्य इतका दूर असला पाहिजे की त्याचे किरण दोन्ही गावांत समांतर पडावेत. तो जवळ आणि पृथ्वी सपाट असती, तरी हीच सावली पडली असती. म्हणून मोजमापाचा पुढचा प्रश्न आपोआप अंतराचा झाला.

ते अंतर मोजण्याचा पहिला शहाणा प्रयत्न त्याच शतकातील सॅमॉसच्या ॲरिस्टार्कसचा. चंद्र बरोबर अर्धा दिसतो त्या क्षणी चंद्राजवळचा कोन काटकोन असतो. तेव्हा आपल्यापासून सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोन मोजला की त्रिकोण पुरा होतो. त्याने तो कोन ८७ अंश धरला आणि सूर्य चंद्राच्या १८ ते २० पट दूर असल्याचे काढले. खरा कोन ८९ अंश ५१ मिनिटांच्या आसपास आहे आणि खरे उत्तर सुमारे ३९० पट. पद्धत निर्दोष असूनही तीन अंशांच्या चुकीने वीसपट फरक पडला. तरीही त्या चुकीच्या आकड्यावरूनसुद्धा सूर्य पृथ्वीहून कितीतरी मोठा निघाला, आणि मोठ्याने लहानाभोवती का फिरावे, असा प्रश्न त्याला पडला असावा. कारण सूर्य मध्ये आणि पृथ्वी भोवती, ही कल्पना त्याच्याच नावावर आहे. ती फारशी कोणी उचलली नाही. पृथ्वी फिरत असती तर तारे जागा बदलताना दिसले असते, हा आक्षेप त्या काळी बिनतोड होता.

आपल्याकडे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या ग्रंथात पृथ्वीचे स्वतःभोवतीचे भ्रमण सांगितले आणि नावेतून जाणाऱ्याला तीरावरची स्थिर झाडे मागे पळताना दिसतात, हा दाखला दिला. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ, हेही त्याने स्पष्ट मांडले. भास्कराचार्यांपर्यंत (जन्म १११४) ही गणिती परंपरा अत्यंत पक्की झाली. त्यांचे विज्जडविड गाव म्हणजे विजापूर की चाळीसगावजवळचे पाटण, हा वाद आमच्या सीमाभागात अजूनही चवीने घातला जातो. मला त्यात पडायचे नाही. मात्र ही परंपरा सूर्य कोठे आणि केव्हा असेल ते सांगणारी होती. तो कशाचा बनला आहे, हा तिचा प्रश्न नव्हता. त्या अचूकतेलाही काळाची मर्यादा लागते, हे संक्रांतीवरून दिसते. आपण मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला साजरी करतो आणि उत्तरायण सुरू झाले म्हणतो. प्रत्यक्षात सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा मंदपणे डोलत असल्यामुळे (यालाच परांचन म्हणतात) हे दोन दिवस साधारण सत्तर वर्षांत एक दिवस, या गतीने एकमेकांपासून सरकत आले आहेत. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी ते एकत्र होते.

आता कवडशाकडे येतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या जुन्या कौलारू घरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना माजघरातल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवरचे ते गोल ठिपके आठवत असतील. कौलांमधली फट वेडीवाकडी असते, तरी कवडसा गोलच पडतो. मी वर्गात विचारत असे की हा गोल कशाचा? फटीचा म्हणावे, तर फट गोल नाही. तो सूर्याचा गोल आहे. प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहण लागले की घरभर लहान लहान चंद्रकोरी पसरतात, त्या यामुळेच. अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने या कोरींचे नीट स्पष्टीकरण दिले होते.

या कवडशानेच केप्लरला एकदा चकवले. १६०७ च्या मे महिन्यात प्रागमध्ये छपराच्या फटीतून आलेल्या प्रकाशात त्याला सूर्यबिंबावर एक काळा ठिपका दिसला आणि बुध ग्रह सूर्यावरून जात आहे असे समजून त्याने तसे प्रसिद्धही केले. तो सौर डाग होता. सूर्यावर डाग असू शकतो, हे त्या माणसाच्याही मनात आले नाही, ज्याने ग्रहांच्या वर्तुळाकार कक्षा मोडीत काढल्या. चीनमध्ये मात्र इसवी सनापूर्वी २८ पासून अशा डागांच्या नोंदी आहेत. धुळीने किंवा धुक्याने मंदावलेल्या सूर्यावर मोठा डाग नुसत्या डोळ्यांना दिसू शकतो आणि आकाश निष्कलंक असलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह नव्हता. आपल्याला काय दिसणार आहे हे आधीच ठरलेले असले, की समोर असलेलेही दिसत नाही, हे मी वर्गात केप्लरचेच उदाहरण देऊन सांगत असे.

दुर्बीण आल्यावर १६१० ते १६१२ या दोन-तीन वर्षांत हॅरियट, फॅब्रिशियस, शायनर आणि गॅलिलिओ या चौघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे डाग पाहिले. शायनर हा जेझुइट पाद्री. त्याने प्रथम हे डाग म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहान ग्रह असावेत असे मांडले, म्हणजे सूर्य निष्कलंक राहिला असता. गॅलिलिओने कागदावर प्रतिमा पाडून रोज डागांची जागा आखली आणि दाखवले की बिंबाच्या कडेजवळ डाग चपटे होतात आणि त्यांची चाल मंदावते. पृष्ठभागाला चिकटलेल्या वस्तूचेच असे होते. मुलांकडून मी हे पुष्कळदा करवून घेतले आहे: दुर्बिणीमागे पॅड, पॅडवर पांढरा कागद, कागदावर आधीच काढलेले दहा सेंटिमीटरचे वर्तुळ, आणि सलग आठ दिवस एकाच वेळी पेन्सिलीने ठिपके. आठव्या दिवशी कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले की सूर्य फिरतो आहे हे कोणी सांगावे लागत नाही. पृथ्वीवरून पाहता त्याला एक फेरी पुरी करायला सुमारे २७ दिवस लागतात. फेब्रुवारी हा आपल्याकडे या कामाला उत्तम महिना आहे.

अंतराचा हिशेब सुटायला आणखी दीड शतक गेले. केप्लरच्या नियमांनी ग्रहांची अंतरे एकमेकांच्या पटीत मिळत होती, पण किलोमीटरमध्ये एकही मिळत नव्हते. १६७२ मध्ये मंगळाच्या निरीक्षणांवरून कॅसिनीने सुमारे १४ कोटी किलोमीटर काढले. त्यानंतर १७६१ आणि १७६९ च्या शुक्राच्या अधिक्रमणांसाठी, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून जाताना पाहण्यासाठी, युरोपातून जगभर माणसे गेली. त्यांतल्या ल जांती या फ्रेंच खगोलज्ञाची कथा मला फार जवळची वाटते. तो पाँडिचेरीला निघाला, पण पोचण्याआधी ती इंग्रजांच्या ताब्यात गेली आणि पहिले अधिक्रमण त्याला हलत्या जहाजावरून पाहावे लागले, म्हणजे मोजमापाच्या दृष्टीने वायाच गेले. पुढच्यासाठी तो आठ वर्षे पूर्वेकडेच राहिला, पाँडिचेरीत वेधशाळा उभारली, आणि १७६९ च्या जूनमध्ये ऐन वेळी ढग आले. ८ जून २००४ रोजी बेळगावच्या एका शाळेच्या मैदानावर चाळीस मुले आणि एक दुर्बीण घेऊन मी दुपारभर मृगाच्या ढगांखाली बसलो होतो. सुमारे दोन मिनिटांची फट मिळाली आणि कागदावर मोहरीएवढा शुक्र दिसला. ल जांतीपेक्षा आमचे नशीब बरे म्हणायचे. त्या अठराव्या शतकातील निरीक्षणांवरून लालांदने १५ कोटी ३० लाख किलोमीटर हे अंतर काढले. आजचा आकडा १४ कोटी ९६ लाख आहे.

अंतर कळले की त्या मुलीचा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारता येतो, कारण "तारा" म्हणजे दूरचा सूर्य हे सिद्ध करायला दोन्ही अंतरे हवीत. नुसते म्हणणारे पूर्वीही होते; ब्रूनोने १५८४ मध्ये तसे लिहिले. ह्यूजेन्सने तर गंमत केली: सूर्यप्रकाश एका सूक्ष्म छिद्रातून घेऊन, तो व्याधाच्या ताऱ्याइतका मंद वाटेपर्यंत कमी केला आणि त्यावरून व्याध सूर्याच्या २७,६६४ पट दूर असल्याचा हिशेब १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाचा सूर्य आणि आठवणीतला रात्रीचा तारा यांची तुलना, आणि दोघांचे तेज सारखेच हे गृहीत! खरे अंतर वीसपट निघाले. तरीही विचार अचूक होता. प्रत्यक्ष मोजमाप १८३८ मध्ये बेसेलने केले. पृथ्वी फिरत असल्यामुळे हंस तारकासमूहातील एका अंधुक ताऱ्याचे सहा महिन्यांत होणारे सूक्ष्म सरकणे त्याने मोजले आणि त्यावरून त्याचे अंतर काढले. ॲरिस्टार्कसविरुद्धच्या त्या जुन्या आक्षेपाचे उत्तरही हेच. आपला सूर्य तेवढ्या अंतरावर नेऊन ठेवला, तर तो ध्रुवताऱ्याहून थोडा मंद दिसेल. एकच साल मागितले गेले, तर मी १८३८ सांगेन, पण लगेच पुढचे वाक्य जोडेन: तेव्हा फक्त तेज जुळले होते, द्रव्य जुळायचे होते.

द्रव्याविषयी त्या काळी किती अंधार होता, याची कल्पना आज येत नाही. युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल १७९५ मध्ये असे मानत होता की सूर्य हा आतून थंड व घन असून वर तेजस्वी ढगांचे आवरण आहे, डाग म्हणजे त्या ढगांतली भोके, आणि खाली वस्तीही असू शकेल. १८३५ मध्ये तत्त्वज्ञ कोंत याने लिहून ठेवले की ताऱ्यांचे रासायनिक घटक आपल्याला कधीही कळणार नाहीत. फ्राउनहोफरने १८१४ मध्येच सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे लोलकातून पसरलेल्या त्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, शेकडो काळ्या रेषा पाहिल्या होत्या. त्यांचा अर्थ १८५९ मध्ये हायडेलबर्गला किर्चहॉफ आणि बुन्सेन यांनी लावला. स्वयंपाकघरात मीठ घातलेली पेज उतू जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतीवर सांडली की ज्योत भगभगीत पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. लोलकातून पाहिले तर तो दोन जवळजवळच्या रेषांचा असतो, आणि सूर्याच्या वर्णपटात नेमक्या त्याच जागी दोन काळ्या रेषा आहेत. सूर्याच्या बाह्य थरात सोडियम आहे आणि तो आतून येणारा तेवढा प्रकाश शोषून घेतो. १८६० नंतरच्या दशकात सेक्कीने शेकडो ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांतले काही सूर्यासारखेच असल्याचे दाखवले. त्या मुलीच्या वाक्यातला "शोध" येथे पुरा झाला असे म्हणता येईल.

याच दशकातील एक प्रसंग आपल्या भागात घडला आणि आपल्याकडेच तो फारसा ठाऊक नाही. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा विजापूर परिसरावरून गुंटूर-मछलीपट्टणकडे गेला. जमखंडी हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान, आज आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात. तेथे लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. वर उल्लेख केलेल्या विल्यम हर्शेलचे नातू, सर्वेक्षण खात्यातले अधिकारी. ऑगस्टचे ढग होतेच. खग्रास पाच मिनिटांहून अधिक काळ टिकली, आणि मिळालेल्या उघडिपीत त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळेवर यंत्र रोखले. अखंड रंगपट्टा न दिसता तीनच ठळक रेषा दिसल्या: लाल, नारिंगी आणि निळी. म्हणजे ती ज्वाळा तापलेल्या वायूची होती. आजोबांनी जेथे वस्ती कल्पिली, त्या गोलाच्या कडेवर नातवाने वायू पाहिला.

ती नारिंगी-पिवळी रेषा त्या दिवशी बहुतेकांनी सोडियमची धरली. गुंटूरला असलेल्या जान्सेन या फ्रेंच खगोलज्ञाला ज्वाळांच्या रेषा इतक्या प्रखर वाटल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील, असे त्याच्या मनात आले आणि दुसऱ्या दिवशी त्याने तसे करून दाखवले. इंग्लंडमध्ये लॉक्यर या खगोलज्ञाने स्वतंत्रपणे २० ऑक्टोबरला तेच साधले, आणि दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली. पिवळी रेषा सोडियमच्या जागेपासून किंचित सरकलेली आहे आणि ती पृथ्वीवर ठाऊक नसलेल्या मूलद्रव्याची असावी, हे त्यानंतर लॉक्यरने मांडले, तेच हेलियम. पृथ्वीवर ते रॅमसेला १८९५ मध्ये सापडले.

येथे एक दुरुस्ती करणे भाग आहे, कारण दरवर्षी ऑगस्टमध्ये मला तोच निरोप मोबाइलवर येतो. विजयदुर्ग किल्ल्यावरच्या "साहेबाच्या ओट्यां"वरून लॉक्यरने १८६८ मध्ये हेलियम शोधला, असे त्यात असते. १८६८ च्या ग्रहणात लॉक्यर इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गला तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, हेलियमला नाव मिळून बराच काळ लोटल्यावर. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला ठाण मांडले होते. ओटे खरे आहेत, ग्रहण खरे आहे, माणूसही खरा आहे. फक्त तीस वर्षांची गल्लत आहे. मालवणला सहलीला जाणाऱ्यांनी ते ओटे जरूर पाहावेत, पण १८९८ चे म्हणून.

खग्रास ग्रहण काय असते, ते मी १६ फेब्रुवारी १९८० रोजी हुबळीजवळ अनुभवले. बेळगावहून आम्ही चौघे विद्यार्थी बसने गेलो. रस्ते ओस होते, घरांची दारे बंद होती. दुपारी साडेतीन-चारच्या दरम्यान दोन मिनिटांहून थोडा अधिक काळ सूर्य झाकला गेला आणि भोवती मोत्याच्या रंगाचा किरीट चहूकडे सारखा पसरलेला दिसला. डाग अधिक असण्याच्या काळात तो असाच गोलसर असतो. डागांची संख्या ठरावीक काळाने (आजच्या हिशेबाने सुमारे अकरा वर्षांनी) वरखाली होते, हे श्वाबे याने १८४३ मध्ये सांगितले, आणि डाग म्हणजे प्रबळ चुंबकीय क्षेत्राच्या जागा आहेत, हे हेलने १९०८ मध्ये. या किरीटाच्या वर्णपटात १८६९ मध्ये एक हिरवी रेषा सापडली होती आणि हेलियमच्या धड्यावरून लोकांनी तेथेही नवे मूलद्रव्य कल्पिले. या वेळी तो धडा लागू पडला नाही. १९४० नंतर एडलेनने दाखवले की ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. त्यासाठी दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते, तर खाली पृष्ठभाग अवघा साडेपाच हजार अंशांचा आहे. चुलीपासून दूर जावे तसे अधिक भाजावे, असा हा प्रकार असून त्याचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही.

आता सूर्य जळतो कशाने, या प्रश्नाकडे. सगळा सूर्य कोळशाचा असता, तर पाच-सहा हजार वर्षांत राख झाला असता. पदार्थवैज्ञानिक केल्व्हिनने १८६२ मध्ये हिशेब केला की सूर्य स्वतःच्या वजनाने आकसत जाऊन उष्णता देत असेल, तर त्याचे वय बहुधा दहा कोटी वर्षांच्या आतच असले पाहिजे. गणितात चूक नव्हती. भूगर्भशास्त्रज्ञ मात्र अस्वस्थ होते आणि त्यांची अस्वस्थता समजून घ्यायला गोकाकला जावे. बेळगावच्या जांभ्याखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. तेवढा केल्व्हिनच्या हिशेबात बसतो. पण घटप्रभा जेथून कोसळते तो गोकाकचा वालुकाश्म कलादगी गटातला असून त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे, आणि या गटाच्या थरांत उथळ पाण्यातल्या लाटांनी वाळूवर उमटवलेल्या खुणा दगड होऊन राहिल्या आहेत. पाणी गोठलेले नव्हते आणि आटलेलेही नव्हते, म्हणजे शंभर कोटी वर्षांपूर्वी सूर्य जवळपास आजच्यासारखाच तापत होता. खडकांची वये किरणोत्सारावरून मोजता आली ती विसाव्या शतकात, पण थरांची जाडी पाहून भूगर्भशास्त्रज्ञांना तेव्हाही केल्व्हिनचा काळ अपुरा वाटत होता, आणि अखेर खडकांचीच बाजू खरी ठरली.

१९२० मध्ये ॲस्टनने मोजले की चार हायड्रोजन अणूंपेक्षा एका हेलियम अणूचे वजन किंचित कमी भरते, आणि एडिंग्टनने लगेच सुचवले की ही तूट म्हणजेच सूर्याचे इंधन. अडचण अशी होती की सूर्यात एवढा हायड्रोजन आहे, असे कोणी मानत नव्हते. पृथ्वीसारखाच तोही लोखंड-सिलिकॉनचा असावा, असा समज होता. तो समज मोडण्याचे साधन कलकत्त्याच्या मेघनाद साहांनी दिले: वर्णपटातील रेषा ठळक किंवा फिकी असणे हे केवळ द्रव्याच्या प्रमाणावर नव्हे, तापमानावरही अवलंबून असते, हे त्यांचे समीकरण. ते वापरून सिसिलिया पेन या तरुणीने १९२५ च्या प्रबंधात दाखवले की सूर्यात हायड्रोजन इतर सर्वांहून प्रचंड अधिक आहे. ज्येष्ठ खगोलज्ञ रसेल यांच्या सल्ल्यावरून तिला त्याच प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले; चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला पोचले. पुढे १९३८-३९ मध्ये बेथे यांनी संमीलनाच्या, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रे जुळून हेलियम होण्याच्या, साखळ्या मांडल्या. आजच्या हिशेबाने सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यांतले ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जेत जाते. वय सुमारे ४६० कोटी वर्षे.

गाभ्यातून थेट निघणारे न्यूट्रिनो (जवळजवळ कशालाही न अडता आरपार जाणारे सूक्ष्म कण) मोजताना काही दशके अपेक्षेच्या तिसरा हिस्साच सापडत होते. वाटेत ते रूप बदलतात, हे २००१-०२ मध्ये कॅनडातील प्रयोगाने दाखवले आणि सूर्याचा हिशेब बरोबर ठरला. आपल्या राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणीतही १९६५ मध्ये न्यूट्रिनो टिपले गेले होते, पण ते वातावरणात निर्माण झालेले, सूर्याचे नव्हेत. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ या भारताच्या सूर्य-निरीक्षक यानावर किरीट पाहणारे मुख्य यंत्र बंगळुरूच्या संस्थेने बनवले आहे आणि अतिनील किरणांत सूर्य टिपणारे पुण्याच्या. त्या दोन शहरांना जोडणाऱ्या महामार्गावर राहणाऱ्या बेळगावकराला ही जोडी पाहून जरा बरे वाटते, इतकेच.

मुलीला वाचून दाखवण्याबरोबर एक काम द्यावे. पुठ्ठ्याला सुईने बारीक भोक पाडून, अंधाऱ्या खोलीच्या खिडकीला तो लावावा आणि तीन-चार मीटरवर कागद धरून त्यावरच्या कवडशाचा व्यास मोजावा. भोकापासून कागदाचे अंतर त्या व्यासाने भागले की १०७ च्या आसपास आकडा येतो. सूर्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या तितके पट आहे. १४ कोटी ९६ लाखांना त्या आकड्याने भागून व्यास तिने स्वतः काढावा, तो १४ लाख किलोमीटरच्या जवळ यायला हवा. भोकातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये. सूर्याकडे पाठ आणि कागदाकडे तोंड. २ ऑगस्ट २०२७ च्या सायंकाळी भारताच्या पश्चिम भागात खंडग्रास ग्रहण आहे, पण ती आषाढ अमावास्या असल्याने खानापुरात पाऊसच असेल. २१ मे २०३१ चे ग्रहण केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती आणि आपल्याकडे मोठे खंडग्रास असेल, शिवाय मे महिन्यात आकाश बहुधा मोकळे मिळेल. गावातले एखादे कौलारू घर तोवर उभे राहिले असेल, तर त्या दिवशी मुलीला तेथे न्यावे.